कॅशची एसएसडी बदलायची, पण आधी रिकामी करून

घरच्या सर्व्हरमधली हार्ड डिस्क मेली तर पॅरिटीच्या, म्हणजे वेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या हिशोबाच्या, जोरावर तिच्यावरचा डेटा पुन्हा उभा करता येतो, हे अनरेड ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यामुळे कॅशची, म्हणजे नव्या फाइली आधी जिच्यावर उतरतात ती, एसएसडी बदलायची वेळ आली की बरेच जण तोच हिशोब लावतात: मशीन बंद करा, जुनी काढा, नवी लावा, चालू करा, पुढचं सर्व्हर बघून घेईल. सर्व्हर काहीही बघून घेत नाही. पॅरिटीचं संरक्षण अ‍ॅरेतल्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या मुख्य गटातल्या, डिस्कपुरतं. कॅश अ‍ॅरेच्या बाहेर असते, आणि तिच्यावर जे असतं ते बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेच नसतं. स्क्रू काढून लावायला दहा मिनिटं पुरतात. खरं काम त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काही तासांचं आहे.

मुळात ही कॅश असते कशाला? अनरेडच्या अ‍ॅरेत प्रत्येक फाइल कुठल्या तरी एका डिस्कवर अखंड असते, आणि सगळ्या डिस्कची मिळून बेरीज-वजाबाकी पॅरिटी डिस्कवर ठेवलेली असते. एखादा ब्लॉक लिहायचा तर आधी त्या जागचा जुना डेटा वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, नवी पॅरिटी काढायची आणि मग दोन्हीकडे लिहायचं. म्हणजे एका लिहिण्यापायी चार कामं. त्यात वाचून झालेल्या जागीच परत लिहायचं असल्यामुळे तबकडीचा एक पूर्ण फेरा वाट बघावी लागते. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हे सतत होत राहिलं की लिहिण्याचा वेग त्या डिस्कच्या कुवतीच्या निम्म्याहून खाली येतो. गिगाबिट नेटवर्क सेकंदाला साधारण ११० एमबी आणून देतं, अ‍ॅरे तेवढं गिळू शकत नाही.

म्हणून मध्ये एसएसडी घालतात. बाजारातून आणलेल्या पिशव्या आधी ओट्यावर ठेवायच्या आणि सवडीने डब्यांत भरायच्या, तसं. डब्यांत भरण्याचं काम मूव्हर नावाचा प्रोग्रॅम करतो. तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर तो रोज पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी चालतो. काल संध्याकाळी फोनवरून चढवलेले फोटो तोवर फक्त त्या एसएसडीवर असतात.

पण तिथे एवढंच नसतं, आणि गोंधळ होतो तो इथे. काही फोल्डर कॅशवर कायमच्या मुक्कामाला असतात. डॉकरच्या कंटेनरांची (म्हणजे सर्व्हरवर सुटसुटीत चालणाऱ्या अ‍ॅपची) सेटिंग्ज आणि डेटाबेस ज्यात असतात तो अ‍ॅपडेटा, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क असतात तो डोमेन्स, आणि डॉकरची इमेज फाइल असते तो सिस्टिम. हे तिन्ही मुद्दाम एसएसडीवर ठेवतात, कारण डेटाबेसला चपळ डिस्क लागते आणि शिवाय हार्ड डिस्कना झोपू द्यायचं असतं. मूव्हर यांना रोज ओलांडून पुढे जातो. रोज रात्री मूव्हर चालतो म्हणजे सकाळी कॅश रिकामी असणार, असं धरून सकाळी एसएसडी उपटणारा माणूस फोटो वाचवतो, पण चित्रपट दाखवणाऱ्या प्लेक्सची अख्खी लायब्ररी, घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या होम असिस्टंटचा इतिहास आणि फोटो लावणाऱ्या इमिचमधली माणसांची नावं घालवून बसतो.

दुसरं काही वापरत असाल, तर तिथलं गणित वेगळं आहे. झेडएफएस या फाइलसिस्टिममधली एल-टू-आर्क ही वाचण्याची कॅश म्हणजे खरोखरीची नक्कल. ती गेली तर वेग कमी होईल, डेटाचा केसही वाकडा होणार नाही. त्याच झेडएफएसमध्ये मेटाडेटासाठी स्पेशल व्हीडेव्ह (वेगळा ड्राइव्ह-गट) लावला असेल आणि तो गेला, तर मात्र अख्खा पूल, म्हणजे एकत्र जोडलेल्या ड्राइव्हचा संच, गेला. सिनॉलॉजी कंपनीच्या तयार सर्व्हरच्या खोक्यात फक्त वाचण्याची कॅश असेल तर एक एसएसडी चालते. वाचण्या-लिहिण्याची हवी तर किमान दोन मागतो, आणि काढण्याआधी मेन्यूतून कॅश काढायला सांगावी लागते, म्हणजे तिच्यावरचं न उतरवलेलं तो डिस्कवर उतरवतो. मेन्यूत तीन ठिकाणी कॅश लिहिलेलं दिसलं तरी तिन्हींचा स्वभाव एक नसतो. इथून पुढचं सगळं अनरेडबद्दल.

बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं

अनरेडच्या मेन पानावर डिस्कच्या नावावर क्लिक केलं की तिची स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली, माहिती दिसते. एनव्हीएमई (साटापेक्षा चपळ जातीची) एसएसडी असेल तर चार ओळी बघा. पर्सेंटेज यूज्ड म्हणजे कंपनीने गृहीत धरलेल्या आयुष्यापैकी किती टक्के संपलं. हा आकडा १०० च्या पुढेही जातो, आणि १०० झाला म्हणून ड्राइव्ह त्या दिवशी बंद पडत नाही. वॉरंटीचा आधार मात्र तिथे संपतो. अव्हेलेबल स्पेअर, म्हणजे उरलेली राखीव जागा, हा १०० पासून खाली येतो आणि तो घसरायला लागला तर खरेदीला निघा. मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स शून्य असायला हवेत. आणि डेटा युनिट्स रिटन: यातलं एक युनिट ५,१२,००० बाइटचं असतं, म्हणजे तिथे १२ कोटी दिसले तर सुमारे ६१ टीबी लिहून झालं.

साध्या साटा एसएसडीला क्रमांक ५ चा गुण, म्हणजे बदलून टाकलेल्या खराब जागा, बघा. क्रमांक १९९, सीआरसी एरर, वाढत असेल तर एसएसडीला दोष देण्याआधी केबल बदला. बऱ्याचदा आजार तेवढाच असतो आणि १०० रुपयांत बरा होतो.

झीज किती होते याची भीती लोकांना जरा जास्तच असते. सॅमसंगच्या ५०० जीबी ८७० इव्होला कंपनी ३०० टीबी लिहिण्याची हमी देते. रोज ५० जीबी लिहिलं तर वर्षाला सव्वाअठरा टीबी, म्हणजे सोळा वर्षं. घरात एवढं कोण लिहितं? पण अनरेडवाल्यांना एक काळ असा होता की काहीही न करता एसएसडी झिजत होती. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर ठेवलेली डॉकरची इमेज फाइल थोडंसं लिहायची आणि खाली ड्राइव्हवर त्याच्या कितीतरी पट लिहिलं जायचं. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ६.९ आवृत्तीत यावर उपाय झाला. त्यात एसएसडीचं पार्टिशन १ एमबीच्या हद्दीपासून सुरू करणं हा एक भाग होता. गंमत अशी की हा फायदा जुन्या ड्राइव्हला आपोआप मिळत नाही, नव्याने फॉरमॅट करावी लागते. त्याआधी फॉरमॅट केलेली एसएसडी अजून चालवत असाल तर ती बदलताना हे कामही फुकटात होऊन जातं.

आणि हेही खरं, की बऱ्याच एसएसडी झिजून मरत नाहीत. कंट्रोलर बसतो आणि ड्राइव्ह एका क्षणी दिसेनाशी होते. हार्ड डिस्क मरताना खडखडते, हळू होते, आपल्याला दोन दिवस देते. एसएसडीला ती सवय नाही.

घेताना

मोठी किंवा निदान तेवढीच घ्या, हे उघड आहे. कमी उघड गोष्ट म्हणजे स्वस्तात मोठी मिळते म्हणून क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) घेऊ नका. उदाहरण घ्यायचं तर सॅमसंगचीच १ टीबी ८७० क्यूव्हीओ. खोक्यावर सेकंदाला ५३० एमबी लिहिलेलं असतं, पण तो वेग आतल्या ४२ जीबीच्या चपळ भागापुरता. तो भरला की कंपनीच्याच माहितीपत्रकानुसार लिहिण्याचा वेग ८० एमबीवर येतो. म्हणजे लग्नाच्या शूटिंगचं १०० जीबी फूटेज चढवायला घेतलंत, तर निम्म्यावर आल्यावर तुमची कॅश गिगाबिट नेटवर्कपेक्षाही हळू होते. रोज चार-दोन जीबी लिहिणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही, आणि त्याच्यासाठी ती ड्राइव्ह वाईटही नाही. पण कॅश म्हणून घालायची तर इव्होच्या जातीची टीएलसी (पेशीत तीन बिट) घ्यावी; १ टीबीला ती ६०० टीबीची हमी देते, क्यूव्हीओ ३६० ची.

एनव्हीएमई घेणार असाल तर आधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. एम-डॉट-टूचा खाचा दिसला म्हणजे त्यात एनव्हीएमई चालेलच असं नाही, काही खाचे फक्त साटा बोलतात. शिवाय कित्येक बोर्डांवर तो खाचा वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. सहा हार्ड डिस्क लावलेल्या माणसाला हे मशीन चालू केल्यावर कळलं तर घाम फुटतो, कारण पडद्यावर एक डिस्क ‘मिसिंग’ दिसते आणि मन लगेच वाईटाकडे धावतं. साटा एसएसडी असेल तर ती मदरबोर्डच्या पोर्टला लावा. जास्तीचे पोर्ट देणाऱ्या जुन्या एलएसआय कार्डांवर ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणं) बऱ्याचदा चालत नाही, आणि ट्रिम नसेल तर काही महिन्यांनी लिहिण्याचा वेग मंदावतो.

उष्णतेचंही बघा. अनरेड मूळ सेटिंगप्रमाणे हार्ड डिस्क ४५ अंशांना गेली की इशारा देतो. नागपुरात मे महिन्यात बाहेरचीच हवा ४५ ला टेकते. एनव्हीएमई तर काही न करताही पन्नाशीच्या आसपास बसू शकते. तिला एक साधी हीटसिंक लावा आणि तिच्यासाठी इशाऱ्याची मर्यादा वेगळी ठेवा, नाहीतर रोजच्या खोट्या इशाऱ्यांना सरावून खरा इशाराही तुम्ही बाजूला साराल.

रिकामी करणं

आता मुख्य काम. पॅरिटी तपासणी चालू असेल तर ती आधी संपू द्या, एकाच वेळी दोन्ही केलं तर दोन्ही रेंगाळतात. अ‍ॅरेत पुरेशी जागा आहे ना ते बघा. अ‍ॅपडेटाचा बॅकअप घ्या. त्यासाठी अ‍ॅपडेटा बॅकअप नावाचं प्लगइन आहे, आणि ते नसेल तर आज बसवा. यूपीएस नसेल आणि पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट जात असेल, तर हे काम दुसऱ्या दिवशी केलेलं बरं.

मग सेटिंग्जमध्ये जाऊन डॉकर आणि व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) मॅनेजर या दोन्ही सेवाच बंद करायच्या. नुसते कंटेनर थांबवून भागत नाही. कंटेनर थांबले तरी डॉकरची इमेज फाइल माउंट झालेलीच असते, आणि मूव्हर उघड्या फाइलला हात लावत नाही. मग तासाभराने येऊन बघावं तर सगळं गेलेलं, आणि सिस्टिम फोल्डरातली तेवढी एक २० जीबीची फाइल जागच्या जागी. डॉकरचा टॅब वरच्या पट्टीतून नाहीसा झाला की समजा, सेवा खरंच बंद झाली.

नंतर शेअर्समध्ये एकेक शेअर (नेटवर्कवर दिसणारं वरचं फोल्डर) उघडा. जून २०२३ मध्ये आलेल्या ६.१२ पासून तिथे प्रायमरी आणि सेकंडरी स्टोरेज असे दोन खण आहेत. प्रायमरी कॅशच राहू द्या, सेकंडरीला अ‍ॅरे निवडा आणि मूव्हरची दिशा कॅशकडून अ‍ॅरेकडे अशी करा. त्याआधीच्या आवृत्तीत हेच ‘प्रेफर’ किंवा ‘ओन्ली’ बदलून ‘येस’ करायचं असे. ‘ओन्ली’ असलेल्या, किंवा नव्या भाषेत सेकंडरी नसलेल्या शेअरकडे मूव्हर ढुंकूनही बघत नाही, म्हणून एकही शेअर सोडू नका. कुठल्या शेअरची मूळ सेटिंग काय होती त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत लावताना आठवत नाही.

मेन पानाच्या तळाशी मूव्ह नावाचं बटण आहे. ते दाबा आणि दुसरं काहीतरी करायला जा. ४०० जीबीचे चित्रपट साधारण दोन तासांत किंवा थोड्या जास्त वेळात जातील, पण ३० जीबीचा प्लेक्सचा अ‍ॅपडेटा त्याहून जास्त वेळ खाऊ शकतो. त्यात पोस्टर, लघुचित्रं आणि बारीकसारीक माहितीच्या लाखो चिमुकल्या फाइली असतात, आणि मूव्हर एकेक फाइल उचलतो. आकडा पुढे सरकत नाही म्हणून मशीन रीस्टार्ट करण्याचा मोह इथेच होतो. करू नका.

संपल्यावर कॅशच्या ओळीच्या कडेला असलेल्या चिन्हावर क्लिक करून आत खरोखर काही उरलं आहे का ते डोळ्यांनी बघा. वापरलेली जागा अगदी शून्य दिसणार नाही, फाइलसिस्टिमचं स्वतःचं काही असतंच. एखादी फाइल उरली असेल तर कारण साधारण तीनांपैकी एक: ती उघडी आहे, तिचा शेअर सोडला गेला, किंवा त्याच नावाची फाइल अ‍ॅरेत आधीपासून आहे. तिसऱ्या बाबतीत मूव्हर जुनीवर नवी लिहीत नाही, दोन्हींपैकी कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवायचं. उरलेलं हाताने कॉपी करायचं झालं तर एक पथ्य पाळा: थेट डिस्कच्या पाथवरून त्याच नावाच्या यूजर शेअरच्या पाथवर कधीही कॉपी करू नका. दोन पाथ वेगळे दिसतात, पण खाली फाइल एकच असू शकते, आणि तसं झालं तर ती स्वतःवरच लिहिली जाऊन शून्य बाइटची होते. डिस्कवरून डिस्कवर कॉपी करा, म्हणजे प्रश्नच नाही.

खोकं उघडणं

अ‍ॅरे थांबवा, मशीन रीतसर बंद करा, पिन काढा. जुन्या एसएसडीचा सिरियल नंबर पडद्यावरून आधीच लिहून घेतलेला असू द्या आणि स्टिकरशी ताडून बघा. दोन सारख्या एसएसडी असतील तर चुकीची निघणं अगदी सोपं आहे. अनरेड डिस्क ओळखतो तो सिरियल नंबरवरून, पोर्टवरून नाही, त्यामुळे केबल इकडच्या तिकडे झाल्या तरी घाबरायचं कारण नाही. त्या सैल मात्र होऊ देऊ नका. शेजारच्या हार्ड डिस्कच्या केबलला कोपर लागणं हा या कामातला सगळ्यात नेहमीचा अपघात. एम-डॉट-टू असेल तर ती थोडी तिरकी धरून खाचात सरकवायची, मग आडवी दाबून स्क्रू लावायचा. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो. खाली पांढरं कापड अंथरा.

चालू केल्यावर कॅशच्या खणात नवी ड्राइव्ह निवडा आणि अ‍ॅरे सुरू करा. नवी ड्राइव्ह ‘अनमाउंटेबल’ दिसेल, खाली फॉरमॅटची चौकट येईल. त्या चौकटीशेजारी ज्या ज्या डिस्क फॉरमॅट होणार त्यांची यादी असते. ती वाचा. यादीत नव्या एसएसडीशिवाय एकही नाव असेल तर तिथेच थांबा. एखादी हार्ड डिस्क केबल सैल झाल्यामुळे तिथे आलेली असू शकते, आणि फॉरमॅट केलेली डिस्क पॅरिटीसुद्धा परत आणत नाही, कारण पॅरिटीच्या दृष्टीने फॉरमॅट हेही एक लिहिणंच.

फाइलसिस्टिम कुठली? एकटी ड्राइव्ह असेल तर माझं मत एक्सएफएस. साधी, दणकट, डोक्याला ताप नाही. दोन ड्राइव्हची जोडी करायची तर बीटीआरएफएस किंवा, ६.१२ पासून, झेडएफएस. कॅशच्या पूलचं नाव मात्र जुनंच ठेवा. अनेक कंटेनरांच्या सेटिंगमध्ये ते पाथचा भाग म्हणून थेट लिहिलेलं असतं; पूलला हौसेने नवं नाव दिलंत तर कंटेनर सुरू होतील, पण रिकाम्या फोल्डराकडे बघत, जणू आजच बसवले आहेत असे.

आता शेअरची दिशा उलटी करा, अ‍ॅरेकडून कॅशकडे, आणि पुन्हा मूव्हर. सगळं परत आलं की मगच डॉकर आणि व्हीएम सुरू करायचे. पूलच्या सेटिंगमध्ये किमान मोकळी जागा किती ठेवायची तो आकडा टाकायला विसरू नका. तुमच्या सगळ्यात मोठ्या फाइलीपेक्षा जास्त ठेवा. नाहीतर कॅश काठोकाठ भरते आणि कंटेनरांचे डेटाबेस अर्ध्या वाक्यात थांबतात.

ज्यांच्याकडे आधीच आरशासारखी जोडी आहे, म्हणजे बीटीआरएफएस किंवा झेडएफएसमध्ये दोन ड्राइव्हवर एकच डेटा, त्यांना एवढं करावं लागत नाही. अ‍ॅरे थांबवून जुनीच्या जागी तेवढीच किंवा मोठी नवी निवडायची आणि सुरू करायची, दुसरीवरून डेटा उतरतो. जमलं तर जुनी ड्राइव्ह तोवर मशीनमध्येच जोडलेली ठेवा. घरातले सगळे फोटो या सर्व्हरवर असतील तर मी दोन ड्राइव्हच घ्यायला सांगेन. नुसते चित्रपट आणि मालिका असतील तर एक ड्राइव्ह आणि आठवड्याचा अ‍ॅपडेटा बॅकअप पुरे. अर्थात जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून उडवलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी उडते.

आणि एसएसडी आधीच मेली असेल तर? मग रिकामी करण्याचा भाग उरतच नाही. शेवटच्या मूव्हरनंतर आलेलं सगळं गेलं. नवी लावा, फॉरमॅट करा, अ‍ॅपडेटा बॅकअपमधून परत आणा. डॉकरची इमेज फाइल गेल्याचं दुःख करू नका, ती परत बनते. अ‍ॅप्सच्या पानावर आधी बसवलेल्या कंटेनरांची यादी मिळते, तिथून खुणा करून एका दमात उतरवता येतात, कारण त्यांचे टेम्प्लेट बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवर असतात. म्हणून त्या पेनड्राइव्हचाही बॅकअप हवा.

जुनी ड्राइव्ह धड असेल तर लगेच पुसू नका, निदान दोन-तीन आठवडे तशीच ठेवा. रिकामी करताना डोळ्यांतून सुटलेली फाइल मिळायची असली तर तिथेच मिळेल. अनअसाइन्ड डिव्हायसेस प्लगइनने ती ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती जोडता येते. नंतर विकायची किंवा वॉरंटीला द्यायची तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सिक्युअर इरेज करा. मूव्हरने हलवलेल्या फाइली डिरेक्टरीतून गेलेल्या असतात, चिपमधून गेल्याच असतील असं नाही, आणि त्यात अ‍ॅपडेटा म्हणजे तुमचे पासवर्ड आणि टोकनही आले.